शिंद्यांची अर्धीच गाणी

गेल्या महिन्यात चुलतभावाच्या मुलाच्या लग्नासाठी नेकनूरला गेलो होतो. वरातीत आधी 'कोंबडी पळाली', मग 'नवीन पोपट हा'. दोन्हीत आवाज आनंद शिंदे यांचा. आमची सगळी मंडळी, अगदी सत्तरीतल्या काकूसुद्धा, नाचली. दुसऱ्या दिवशी सत्यनारायण. मांडवातल्या स्पीकरवर 'ऐका सत्यनारायणाची कथा'. आवाज प्रल्हाद शिंदे यांचा, म्हणजे आनंद यांच्या वडिलांचा. दोन दिवस आमचं कार्य या बापलेकांनीच पार पाडलं म्हणा ना!

संध्याकाळी पाहुणे पांगल्यावर मी त्याच स्पीकरला मोबाईल जोडला आणि प्रल्हाद शिंद्यांचं एक भीमगीत लावलं. अर्धं कडवंही झालं नसेल, तोच दाजी म्हणाले, "हे कशाला लावलंस बाबा? हे त्यांचं गाणं हाय."

मी बंद केलं. लग्नघरात वाद नको म्हणून. पण तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय. आता इथे लिहूनच टाकतो.

'त्यांचं' म्हणजे कोणाचं? सकाळी ज्या आवाजासमोर आपण हात जोडून बसलो होतो, तोच हा आवाज. तोच खुला, थोडा खरखरीत, वरच्या पट्टीत बिनधास्त चढणारा गळा. 'पाऊले चालती पंढरीची वाट' आपलं, 'चंद्रभागेच्या तीरी' आपलं. मग त्याच माणसाने बाबासाहेबांवर गायलेलं गाणं लगेच दुसऱ्याचं कसं झालं? गायक बदलला नाही, ऐकणारा बदलला. आवाजाला जात नसते असं आपणच मोठ्या तोंडाने सांगतो. मान्य. पण कानाला असते की काय?

लोक म्हणतात, चांगली गाणी आपोआप गाजतात, उरलेली मागे पडतात, यात जातपात कशाला आणता? हे मला पटत नाही. भीमगीतं मागे पडलेलीच नाहीत. १४ एप्रिलला कुठल्याही गावात जा, ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर किंवा धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरच्या दीक्षाभूमीवर जा. कॅसेटच्या काळात तिथल्या स्टॉलवर ढिगाने कॅसेटी विकल्या जायच्या. लाखो लोकांना ही गाणी तोंडपाठ आहेत. ज्यांना ती माहीत नाहीत, ते आपण. आणि आपल्याला माहीत नाही ते 'दुर्लक्षित', असा आपला हिशोब!

माझंच सांगतो. आमच्या घरी खोक्यात भक्तिगीतांच्या कॅसेटी होत्या, भीमगीतांची एकही नव्हती. एप्रिलमध्ये रस्त्यापलीकडून ती गाणी ऐकू आली की आई खिडकी लावून घ्यायची, पोरांचा अभ्यास होत नाही म्हणून. गणपतीत दहा दिवस कानाशी भोंगा असायचा, तेव्हा मात्र खिडकी सताड उघडी. आईला दोष देत नाही. तिने कधी तसा विचारही केला नसेल. पण खिडकी लागायची हे खरं.

त्या खिडकीमुळे आपण काय घालवलं? पहिली गोष्ट म्हणजे कव्वाल प्रल्हाद शिंदे. पेटी, ढोलक, टाळ्या आणि मागे कोरस. एक ओळ फेकायची, कोरसने ती झेलायची, मग तीच ओळ फिरवून फिरवून समोरच्याला निरुत्तर करायचं. भक्तिगीतात ते विनवतात, इथे ते वाद घालतात. तसं पाहिलं तर 'आता तरी देवा मला पावशील का' ही तरी कुठे निव्वळ विनवणी आहे? देवाला केलेला सरळ सवाल आहे तो. ज्याने कव्वालीतले शिंदे ऐकले, त्याला त्या भक्तिगीतातलाही बाणा कळतो.

दुसरी गोष्ट म्हणजे वामनदादा कर्डक. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा हा माणूस आयुष्यभर गावोगाव गाणी लिहीत, गात फिरला. १९२७ चं महाडचं तळं, १९५६ चं नागपूरचं धर्मांतर, रमाईचे कष्ट, हे सगळं शाळेत न गेलेल्या बायकांपर्यंत पोचलं ते असल्या गाण्यांतून. वामनदादा १५ मे २००४ ला गेले, प्रल्हाद शिंदे २३ जून २००४ ला. दीड महिन्याच्या आत दोघं. आमच्या घरात त्यातल्या एकाचं नाव सगळ्यांना ठाऊक होतं, दुसऱ्याचं कोणालाच नाही.

आणि मराठवाड्यातल्या माणसाने तर ही गाणी ऐकायलाच हवीत. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव १९७८ मध्ये विधिमंडळात झाला, नाव प्रत्यक्ष लागलं १४ जानेवारी १९९४ ला. मधल्या सोळा वर्षांत आपल्याच भागात वस्त्या जळल्या, माणसं मारली गेली. आपल्या घरांत त्यावर कोणी बोलत नाही. पलीकडे मात्र त्यावर गाणी झाली, आणि ती अजून गायली जातात.

आता उलट बाजूही सांगतो. सगळीच भीमगीतं थोर नाहीत. कित्येकांच्या चाली सिनेमातून उचललेल्या आहेत, काहींत नुसता जयजयकार आहे. पण भक्तिगीतांचं काय वेगळं आहे? तिथे उचललेल्या चालीवर आपण टाळ वाजवतो की! प्रचारकी म्हणाल तर सत्यनारायणाची कथा तरी काय, प्रसाद टाळला की नाव बुडते हे सांगणारी!

शिंद्यांनी पोटासाठी देवाची गाणी गायली आणि मनापासून भीमाची, असंही कोणी म्हणतं. त्यांच्या मनात शिरायचा अधिकार मला नाही. दोन्हीकडे गळा तितकाच मोकळा लागलाय एवढं मला ऐकू येतं. निवड त्यांनी केली नाही, आपण केली.

असो. दिवाळीला नेकनूरला येतोय. स्पीकर बरोबर आणणार आहे. दाजी, राग मानू नका, पण यावेळी मी बंद करणार नाही. एक गाणं शेवटपर्यंत ऐका, मग हवं ते बोला.