टेफ्लॉन 'पीफोआ'शिवाय बनू शकतं, मग प्रश्न का सुटला नाही?

इटलीतल्या ट्रिसिनो इथला 'मितेनी' हा रसायन कारखाना 2018 मध्ये दिवाळखोरीत गेला. त्याने सोडलेल्या 'पीफास' रसायनांमुळे व्हेनेटो प्रांतातल्या लाखो लोकांचं पिण्याचं पाणी दूषित झालं होतं. या प्रकरणात जून 2025 मध्ये तिथल्या न्यायालयाने 11 जणांना दोषी ठरवलं. याच कारखान्याची यंत्रसामग्री विकत घेऊन रत्नागिरी जिल्ह्यातल्या लोटे परशुराम एमआयडीसीत आणली गेली आणि कोकणात चिंता वाढली. संबंधित कंपनीने आरोप नाकारले आहेत.

पीफास निसर्गात सहजासहजी नष्ट होत नाहीत, म्हणून त्यांना 'फॉरेव्हर केमिकल्स' म्हणतात. मितेनी बनवत असलेलं 'पीफोआ' हे त्यातलंच एक. टेफ्लॉन बनवताना ते जगभर वापरलं गेलं. पण ते टाळता आलं असतं का?

पीफोआ लागायचं कशाला?

टेफ्लॉन हे पॉलिमर आहे, म्हणजे लहान रेणू जोडून केलेली लांबलचक साखळी. ही साखळी तयार व्हायला एक माध्यम लागतं. बहुतेक सॉल्व्हंट इथे चालत नाहीत. वाढणारी साखळी त्यांच्यातला हायड्रोजन ओढून घेते आणि तिथेच थांबते. फ्रिऑनसारखे सॉल्व्हंट चालायचे, पण ओझोन वाचवण्यासाठी झालेल्या 1987 च्या माँट्रियल करारानंतर ते हद्दपार होत गेले. उरलं पाणी. पाण्यात टेफ्लॉनच्या कणांच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून साबणासारखं काम करणारं पीफोआ टाकलं जायचं. तेच पुढे सांडपाण्यात गेलं.

पर्याय काय होता?

आपल्या श्वासातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड! तापमान 31 अंश सेल्सिअसच्या आणि दाब हवेच्या सुमारे 73 पटींच्या वर नेला की तो ना धड वायू राहतो, ना धड द्रव. द्रवासारखा विरघळवतो, वायूसारखा झटकन पसरतो. या अवस्थेला 'सुपरक्रिटिकल' म्हणतात. कॉफीतलं कॅफीन काढायलाही ती वापरतात.

त्यात हायड्रोजन नसल्याने साखळी मध्येच थांबत नाही. काम झालं की दाब कमी करायचा. वायू निघून जातो, तो पुन्हा वापरता येतो आणि पॉलिमर कोरडं हाती येतं. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या जोसेफ डिसिमोन यांच्या गटाने 1992 मध्ये फ्लोरिनयुक्त पॉलिमर असं बनवून दाखवलं.

मग अडलं कुठे?

ड्युपॉन्टने 1999 मध्ये याच राज्यात, फेएटव्हिलजवळ, 4 कोटी डॉलर खर्चून असा प्लांट उभारण्याची घोषणा केली. 2002 मध्ये या पद्धतीचं टेफ्लॉन बाजारात आलं. पण त्याच वर्षी, त्याच आवारात कंपनीने पीफोआचं उत्पादनही सुरू केलं! पुढे 2017 मध्ये त्या आवाराच्या खालच्या अंगाला केप फिअर नदीत आणि विल्मिंग्टन शहराच्या पिण्याच्या पाण्यात 'जेनएक्स' असल्याचं उघड झालं. पीफोआला पर्याय म्हणून आणलेलं हे रसायनही पीफासच आहे.

कारणं साधी आहेत. इतका दाब पेलणारी यंत्रं महाग असतात. कार्बन डायऑक्साइडमध्ये मोजकीच पॉलिमर नीट विरघळतात. पाण्यावर चालणारे जुने प्लांट तर उभेच होते. आणि नदीत सोडलेल्या रसायनाची किंमत टेफ्लॉनच्या किमतीत धरली जात नव्हती. ती नदीकाठच्या लोकांनी मोजली.

हे तंत्र म्हणजे जादूची कांडी नाही. त्यातून तयार होणारं टेफ्लॉनही निसर्गात सहज नष्ट होत नाही. पण सांडपाण्याची वाट त्याने बरीच बंद होते.

अमेरिकेने पिण्याच्या पाण्यातल्या पीफोआवर लिटरमागे 4 नॅनोग्रॅमची मर्यादा घातली ती 2024 मध्ये. पर्याय सापडल्यानंतर तब्बल 32 वर्षांनी. नियम कडक झाल्याशिवाय कारखाने महागडा पर्याय निवडत नाहीत, हा यातला धडा. म्हणून लोट्यात केवळ 'कारखाना हवा की नको' एवढंच विचारून भागणार नाही. तिथे कोणती प्रक्रिया वापरली जाते, सांडपाण्यात पीफास तपासले जातात का आणि ते अहवाल गावकऱ्यांना बघायला मिळतात का, हे विचारायला हवं. तेही पाणी बिघडण्याआधी.