शिवलेली नऊवारी चालेल, खोटे नाव नको

पारंपरिक पोशाखाचा विषय निघाला की लगेच दोन बाजू पडतात. एक म्हणते, जुने होते तसेच ठेवा. दुसरी म्हणते, काळ बदलला, आता तो पसारा कोण सावरत बसणार? यंदा स्नेहसंमेलनाच्या नाचासाठी तयार शिवलेल्या नऊवाऱ्या आल्या, तेव्हा आमच्या वसतिगृहातही हाच वाद रंगला. माझे मत या दोन्हींहून थोडे वेगळे आहे. पोशाखाची शिवण बदलली तरी परंपरा टिकते. कापड विणणाऱ्याचे नाव आणि मोल आपण दुसऱ्याच कापडाला देऊन टाकले, तर मात्र ती टिकणार नाही.

आपण कॅडेट आहोत, तेव्हा आधी आपल्याच कपड्यांकडे पाहू. ‘खाकी’ हा शब्द ‘खाक’ म्हणजे धूळ यावरून आला. १८४६ साली वायव्य सरहद्दीवर उभ्या राहिलेल्या गाइड्स पथकाने धुळीत मिसळून जाणारा हा रंग वापरला आणि पुढे तो कितीतरी देशांच्या सैन्यांत पोहोचला. घोडेस्वारीची विजार पाहा. जोधपूरच्या सर प्रतापसिंहांनी मांडीला सैल आणि पोटरीला घट्ट अशी विजार १८९७ मध्ये पोलो संघाबरोबर इंग्लंडला नेली. इंग्रजीत तिला आजही ‘जोधपुर्स’ म्हणतात. उलट, आपल्याच नौदलाच्या अधिकारी मेसमध्ये कुर्ता-पायजमा आणि त्यावर बिनबाह्यांचे जाकीट घालायला परवानगी मिळाली ती फेब्रुवारी २०२४ मध्ये. पोशाख असे प्रवास करतात, बदलतात आणि कधी कधी उशिरा घरी परततात.

नऊवारीचेही तसेच आहे. नऊ वार म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर कापड. काष्टा मागे खोचला की पाय मोकळे होतात. म्हणून तर चिखलात रोवणी करणारी बाई आणि बाजारात मासळी विकणारी कोळीण हाच पोशाख नेसून दिवसभर राबत आली. त्याला परकर लागत नाही आणि शिंपीही लागत नाही. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत मुली नऊवारी नेसून मोटारसायकल चालवतात, त्याचे काहींना नवल वाटते. मला वाटत नाही. नऊवारी हा मुळातच हालचालीचा पोशाख आहे. ज्या मुलीला नेसता येत नाही, तिने शिवलेली घातली तर बिघडले कुठे?

बोरसीच्या आमच्या घरी आजी रोज नऊवारी नेसते, आई सहावारी किंवा पंजाबी ड्रेस घालते आणि मी सुट्टीत जीन्स. आजी मूळची भंडाऱ्याकडची. तिला मी शिवलेली नऊवारी दाखवली, तेव्हा तिने ती उलटसुलट करून पाहिली आणि एकच विचारले, “अन् पुढल्या साली तू वाढली तं काय करशीन?” मुद्दा बिनतोड आहे. माझ्या गणवेशाच्या पँटची दुमड दरवर्षी उसवावी लागते. न शिवलेली नऊवारी मात्र आजीला, आईला आणि मला सारखीच बसते. म्हणून माझे पहिले म्हणणे असे की शिवायची तर नवी साडी शिवा. घरातली जुनी हातमागाची साडी त्यासाठी कापू नका. एकदा कात्री लागली की ती पुन्हा साडी होत नाही.

दुसरे म्हणणे अधिक महत्त्वाचे आहे. आमच्या छत्तीसगडचा कोसा प्रसिद्ध आहे. ऐन, अर्जुन अशा झाडांवर वाढणाऱ्या किड्यांच्या कोषांतून हे मधाळ रंगाचे रेशीम निघते. चांप्याचे देवांगन विणकर ते हातमागावर विणतात. तेच कोशाचे सूत विदर्भात करवतकाठी साडीत दिसते. तिच्या काठावर करवतीच्या दातांसारखी नक्षी असते. चांपा, दुर्ग, गोंदिया, भंडारा रोड आणि नागपूर ही स्थानके एकाच रेल्वेमार्गावर आहेत आणि १९५६ पर्यंत हा सगळा मुलूख एकाच प्रांतात होता. म्हणून भिलाईतल्या मराठी घरांना कोसा परका वाटत नाही.

पण बाजारात कृत्रिम धाग्याचे, यंत्रमागाचे कापड ‘कोसा’ म्हणून विकले जाते आणि छापील मोरांची साडी ‘पैठणी’ म्हणून. खऱ्या पैठणीची नक्षी धाग्यात धागा अडकवून हाताने विणलेली असते, त्यामुळे ती उलट बाजूनेही सुलटीइतकीच स्वच्छ दिसते. हे काम महिनोन्‌महिने चालते. त्याचेच नाव स्वस्तात मिळू लागले, तर विणकराचा मुलगा मागावर कशासाठी बसेल? काही वस्त्रे फक्त हातमागासाठी राखून ठेवणारा कायदा १९८५ पासून आहे, हातमागाच्या मालासाठी ‘हँडलूम मार्क’ही आहे. पण गिऱ्हाईकच विचारत नसेल, तर कायदा एकटा काय करणार?

कोणी म्हणेल, हातमागाची साडी परवडते कोणाला? खरे आहे, आम्हा विद्यार्थ्यांना नाहीच परवडत. म्हणून मी यंत्रमागाला नावे ठेवत नाही. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडीच्या हजारो घरांची चूल त्यावर पेटते. यंत्रमागाची साडी जरूर घ्या, नाचा, मिरवा, फक्त तिला पैठणी म्हणू नका. न कमावलेले पदक छातीवर लावणे आपल्या जगात लाजिरवाणे मानतात. कापडाच्या नावालाही तोच नियम लावायला काय हरकत आहे?

मैत्रिणींनो आणि मित्रांनो, या सुट्टीत घरी गेलात की दोन गोष्टी करा. आजीकडून किंवा आईकडून नऊवारी नेसायला, धोतर किंवा फेटा बांधायला एकदा तरी शिका. त्याला पैसे लागत नाहीत. आणि घरच्यांबरोबर खरेदीला गेलात तर साडी उलटी करून पाहा आणि दुकानदाराला विचारा, “हे कुठे विणले? हातमागावर की यंत्रमागावर?” हा प्रश्न दुकानात रोज दहा जणांनी विचारला, तर उत्तर तयार ठेवावेच लागेल.

— एक कॅडेट, इयत्ता दहावी