अनोळखी गड्यावर ओरडू नये



माझा मामेभाऊ कल्याणला राहतो. सुट्टीत तो आमच्याकडे शहाडला येतो. त्याच्या मोबाईलवर बीजीएमआय नावाचा खेळ आहे. आधी पबजी होता. तो सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये बंद केला. मग २०२१ साली हा आला. अठरा वर्षांच्या आतल्या मुलांना आईवडिलांची परवानगी लागते. माझी आई देत नाही. म्हणून मी दादाच्या शेजारी बसून नुसता बघतो.

त्या खेळात शंभर जण विमानातून उड्या मारतात. चौघांची एक टोळी असते. आपले मित्र नसले तर खेळच तीन अनोळखी गडी जोडून देतो. त्यांचे खरे नाव कळत नाही, तोंड दिसत नाही, नुसता आवाज येतो. गडी पडला तरी लगेच मरत नाही, तो रांगत असतो. आपल्यातल्या कोणी जवळ जाऊन थोडा वेळ थांबले तर तो उठतो. पण दादा थांबतच नाही. तो ओरडतो, "ए नूब, निघ!" नूब म्हणजे नवशिका.

एकदा एक बारीक आवाज आला, "भैया, मैं नया हूँ, रुको ना." तो माझ्याएवढाच असेल. दादाने त्याचा आवाजच बंद केला. थोड्या वेळाने दादा स्वतः पडला. तेव्हा त्याला उठवायला जवळ कोणीच नव्हतं.

आता माझी चूक सांगतो. दिवाळीनंतर आमच्या वर्गात एक नवा मुलगा आला. त्याचे आईवडील वीटभट्टीवर कामाला आहेत. घरी ते हिंदी बोलतात. खो-खो खेळताना तो खो मिळायच्या आधीच उठला. फाऊल झाला. मी ओरडलो, "ए नूब, निघ!" सगळे हसले. दोन दिवस तो खेळायला आलाच नाही, पायरीवर बसून राहिला.

बाईंनी मला एवढंच विचारलं, "खो म्हणजे काय ते त्याला सांगितलं होतंस का?" मी सांगितलं नव्हतं. मग मी त्याला पाटीत बसवून दाखवलं. पाठीला हात लागला आणि खो ऐकू आला तरच उठायचं, मग एकाच दिशेने पळायचं. दोन मिनिटं लागली. आता तो माझ्यापेक्षा जोरात पळतो. मला थोडं वाईट वाटतं, पण आमचा संघ जिंकतो.

काही जण म्हणतात, मोबाईलमधला गडी परत कुठे भेटणार आहे, ओरडलं तर काय झालं? मला हे पटत नाही. दादा मोबाईलमध्ये ओरडला आणि तोच शब्द माझ्या तोंडातून मैदानावर निघाला. सवय मोबाईलमध्ये राहत नाही.

आपल्या बिर्ला मंदिरात आषाढी एकादशीला केवढी रांग असते! कोणी कोणाला ओळखत नाही. तरी म्हणतात, "माऊली, जरा पुढे सरका." जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. आपल्या मुली आणि मुले दोघेही जिंकले. कर्णधार प्रियंका इंगळे आणि प्रतीक वाईकर, दोघे महाराष्ट्राचे. पण संघात निरनिराळ्या राज्यांचे खेळाडू होते. एकमेकांना नीट सांगितल्याशिवाय ते कसे जिंकले असते?

म्हणून मित्रांनो, नव्या गड्याला आधी सांगा, मग थोडं थांबा, आणि तो पडला तर उठवा. पालकांना विनंती आहे की मुलगा मोबाईलवर किती वेळ खेळतो ते बघाच, पण तो काय बोलतो तेही ऐका.

असे माझे मत आहे.

— एक विद्यार्थी, इयत्ता चौथी