मी आलो, मी आले

आपल्या वार्षिकांकाला मराठी आणि कन्नड असे दोन विभाग आहेत. एका विभागातली गोष्ट सहसा दुसऱ्या विभागात जात नाही. मी आज जी सांगणार आहे, तिला मात्र दोन्ही भाषा लागतात.

माझी एक शाळासोबतीण आहे. तिला विचारूनच, नाव-गाव गाळून, हे लिहितो आहे. आम्ही एकाच मराठी शाळेत शिकलो, एका बाकावर बसलो. बारावीनंतर ती माझ्याशी एकाएकी कन्नडमध्ये बोलू लागली. मला वाटले, बँकेच्या परीक्षेसाठी सराव चालला असेल. मी थट्टाही केली. वर्षभराने एकदा फोनवर पुन्हा मराठी आले. "मी उद्याच्या गाडीने येते," ती म्हणाली. 'येतो' नव्हे, 'येते'. तोवर आम्ही सगळे तिला मुलगा म्हणूनच ओळखत होतो.

मग वर्षभराच्या कन्नडचा उलगडा झाला. कन्नडमध्ये 'नानु बंदे' म्हटले की झाले. बोलणारा पुरुष की स्त्री, हे क्रियापद विचारत नाही. आदराने 'अवरु बंदरु' म्हटले तरी विचारत नाही. आपल्या मराठीत मात्र 'मी आलो' किंवा 'मी आले', दोहोंपैकी एक निवडावेच लागते. जन्माच्या वेळी नोंदलेले लिंग एक आणि स्वतःला आतून जाणवणारे दुसरे, अशा पारलिंगी माणसाला मायबोलीत साधे 'मी आलो' म्हणतानाही रोज खोटे बोलावे लागते. ते टाळण्यासाठी माझी मैत्रीण वर्षभर शेजारच्या भाषेत जाऊन राहिली होती.

आता माझी चूक सांगतो. दुसऱ्या दिवशी मी तिला आणायला स्टँडवर गेलो. गर्दीत ती दिसली आणि मी सवयीने जुन्याच नावाने जोरात हाक मारली. दहा माणसे वळून बघू लागली. हाक मुलाच्या नावाची आणि समोर पंजाबी ड्रेसमधली मुलगी! कोणीतरी हसलेही. ती जवळ येऊन एवढेच म्हणाली, "नाव हळू घे की रे." फोनवर विश्वासाने सांगितलेली तिची गोष्ट मी भर स्टँडवर जाहीर करून टाकली होती.

त्या दिवसापासून मी या विषयावर मिळेल ते वाचले. नामवंतांच्या बाबतीतही प्रश्न हाच असतो, असे दिसले: बातमी माणसाची, पण ती सांगायची कोणी?

१ डिसेंबर १९५२ रोजी न्यूयॉर्कच्या 'डेली न्यूज'ने पहिल्या पानावर ख्रिस्टीन जॉर्गेन्सन यांची बातमी छापली. अमेरिकन सैन्यात नोकरी केलेल्या या व्यक्तीने डेन्मार्कमध्ये शस्त्रक्रिया करून घेतली होती. त्या तेव्हा कोपनहेगनमध्येच होत्या. जगाला सांगण्याचा मुहूर्त त्यांनी निवडला नव्हता. परतल्या तेव्हा विमानतळावर बातमीदारांची झुंबड उडाली. पुढे १९५९ साली त्यांना विवाहाचा परवाना नाकारण्यात आला, कारण जन्मदाखल्यावर 'पुरुष' असे लिहिलेले होते. सगळे जग ओळखत होते. कचेरीतला कागद मात्र ओळख द्यायला तयार नव्हता.

बरोबर ६८ वर्षांनी, १ डिसेंबर २०२० रोजी, अभिनेते एलियट पेज यांनी आपण पारलिंगी असल्याचे स्वतःच्या शब्दांत, स्वतःच्या नव्या नावाने जाहीर केले. आनंद झाला आहे, पण भीतीही वाटते, असे त्यांनी मोकळेपणाने लिहिले. जानेवारी २०२१ मध्ये आपल्याकडच्या प्रसिद्ध फॅशन डिझायनर सायशा शिंदे यांनीही आपण पारलिंगी स्त्री असल्याचे सांगितले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये हरनाज संधूने विश्वसुंदरीचा मुकुट मिळवला, तेव्हा तिच्या अंगावरचा पोशाख सायशा यांचा होता. म्हणजे काम थांबले नाही, कसबही कुठे गेले नाही.

यावर काही मित्र म्हणतात, "ही सगळी प्रसिद्धीची हाव." आपण वाणिज्य शाखेचे विद्यार्थी आहोत, तेव्हा हिशेबच करू. ज्याचे नाव आधीच झालेले आहे, त्याने असे जाहीर करून जमेच्या बाजूला काय पडते? नावेच्या बाजूला मात्र टिंगल, हातची कामे जाण्याचा धोका, घरच्यांना होणारा ताप, हे सगळे रोकडे असते. एवढा खर्च दिसत असताना माणूस बोलतो, तेव्हा गप्प राहणे त्याहून महाग पडलेले असते. माझ्या मैत्रिणीला तर प्रसिद्धी नकोच होती. पण खेडेगावात प्रत्येक जणच सर्वांच्या नजरेत असतो. तिथे वर्तमानपत्र लागत नाही, पाणवठा पुरतो.

दुसरे म्हणतात, "हे पाश्चात्त्यांचे खूळ, आपल्याकडे नव्हते." आपल्या जिल्ह्यात राहून असे म्हणणे धाडसाचे आहे. सौंदत्तीचा यल्लम्माचा डोंगर आपल्यापासून काही तासांवर आहे. डोक्यावर देवीचा जग घेऊन, साडी नेसून दारी येणारे जोगप्पा आपण लहानपणापासून पाहिले आहेत. त्यांच्या पाया पडणारे आपणच आणि ते वळले की मागून हसणारेही आपणच.

याच परंपरेतल्या बळ्ळारी जिल्ह्यातील मंजम्मा जोगती. घराने दूर केले, जीव द्यायचा प्रयत्न झाला, भीक मागून आणि इडल्या विकून दिवस काढले. काळव्वा जोगती यांच्याकडे त्या जोगती नृत्य शिकल्या आणि ती कला त्यांनी रंगमंचावर नेली. २०१९ साली त्या कर्नाटक जनपद अकादमीच्या अध्यक्ष झाल्या. त्या पदावर बसलेल्या त्या पहिल्या पारलिंगी व्यक्ती. नोव्हेंबर २०२१ मध्ये पद्मश्री स्वीकारताना त्यांनी पदराने राष्ट्रपतींची दृष्ट काढली. ती चित्रफीत आमच्या घरी सर्वांनी पाहिली. आजीचे तर डोळे भरून आले. त्याच आजीने माझ्या मैत्रिणीविषयी कळल्यावर मला सांगितले, "तिला घरी आणू नको रे बाबा, लोक काय म्हणतील?" मी आजीला दोष देत नाही. मोबाईलवरच्या मंजम्मांना वंदन करायला काही पडत नाही. दारात आलेल्या पोरीला चहा द्यायला धैर्य लागते.

कायद्यापुरते बोलायचे, तर सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी दिलेल्या निकालात आपले लिंग कोणते हे ठरवण्याचा हक्क त्या व्यक्तीचा असल्याचे म्हटले. २०२१ मध्ये कर्नाटक सरकारने सरकारी नोकऱ्यांत पारलिंगी व्यक्तींना एक टक्का आरक्षण दिले. पण निकाल आणि अधिसूचना स्टँडवर हाक मारायला येत नाहीत. तिथे आपणच असतो.

जाता जाता आपल्याच पुस्तकातली एक गोष्ट. कंपनीने नाव बदलले तर नवे प्रमाणपत्र मिळते. येणी-देणी, करार, दावे सगळे तसेच चालू राहतात. नाव बदलले म्हणून कंपनी दुसरी झाली असे कोणी म्हणत नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे जुने नाव पाटीवर नव्या नावासोबत लावायचे ते फक्त दोन वर्षे. पुढे तेही बंधन नाही. भांडवलाने उभ्या केलेल्या कंपनीला आपण एवढी सभ्यता दाखवतो आणि हाडामांसाच्या माणसाला मात्र जन्मभर विचारत राहतो, "पण तुझे खरे नाव काय?" या लेखात मी कोणाचेही जुने नाव लिहिलेले नाही, हे वाचकांच्या लक्षात आले असेलच.

म्हणून माझे म्हणणे थोडके आहे. कोणी विश्वासाने काही सांगितले, तर ते आपल्यापाशी ठेवावे. चारचौघांत कधी सांगायचे, हे ज्याचे त्याला ठरवू द्यावे. सांगितलेल्या नावाने हाक मारावी. चूक झालीच तर माफी मागून सुधारावी, तिची सबब करू नये.

दिवाळीच्या सुट्टीत ती पुन्हा येणार आहे. मी स्टँडवर जाईन. आजीशी बोलणे चालू आहे. परवा ती एवढेच म्हणाली, "गोड चहा चालतो का रे तिला?"