फोटोच्या बाहेरचं आयर्लंड

आधीच कबूल करते, मी कॉन्व्हेंटवाली. ऱ्हस्व-दीर्घ संपादकांनी दुरुस्त केले असतील, पण वाक्यं माझीच आहेत. तेव्हा सांभाळून घ्या!

सेकंड इयरच्या सुट्टीत मी आयर्लंडला जाऊन आले. चुलतभाऊ डब्लिनला सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्यामुळे राहणं-खाणं फुकट. तिकिटाचे पैसे बाबांनी "नोकरी लागली की परत कर" या अटीवर दिले. परत आल्यावर अख्ख्या हॉस्टेलने फोटो बघितले आणि सगळ्यांचं वाक्य एकच, "काय हिरवंगार आहे गं!" पुढच्या वर्षी एमएससाठी तिकडे जायचं म्हणणाऱ्या दोघींनी लगेच यादी मागितली. यादी मी दिली. पण खरं सांगू? ती यादी देताना मला जरा लाज वाटली.

कारण ती यादी टूरवाल्यांचीच होती. मोहरचे कडे (उंची २१४ मीटर, खाली अटलांटिक, वर आपण वाऱ्याने उडायच्या बेतात). उत्तरेला जायंट्स कॉजवे, जिथे बेसॉल्टचे सुमारे ४०,००० खांब समुद्रात उतरत जातात. लाव्हा थंड होताना आकसला आणि तडे जाऊन असे खांब झाले. आपल्या अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे खांब त्याच पद्धतीचे, फक्त त्यांच्याभोवती बिल्डिंगी उभ्या आहेत. आणि न्यूग्रेंज, गिझाच्या पिरॅमिडपेक्षाही जुनी दगडी समाधी. डिसेंबरमधल्या सर्वांत लहान दिवसांत सूर्य उगवला की वरच्या झरोक्यातून किरण थेट आतल्या खोलीत पोचतो. पाच हजार वर्षांपूर्वीच्या लोकांचं हे अलाइनमेंट! आमच्या सर्व्हे प्रॅक्टिकलला क्लोजिंग एरर किती आला होता ते इथे लिहीत नाही.

हे सगळं बघावंच. पण बस थांबते, सगळे समुद्राकडे पाठ करून सेल्फी काढतात आणि पुन्हा बसमध्ये. मीही तेच केलं.

दुसऱ्या आठवड्यात दादाने गाडी काढली आणि आम्ही पश्चिमेला मेयो काउंटीत गेलो. डूलॉ नावाचं तळं, दोन्ही बाजूंना डोंगर, मैलोन् मैल एक घर नाही. मी म्हटलं, "किती शांत!" दादा काहीच बोलला नाही, पुढे जाऊन गाडी थांबवली. रस्त्याच्या कडेला दगडाचा एक साधा क्रॉस होता. मार्च १८४९ मध्ये उपाशी माणसांना मदतीसाठी 'तपासणी' द्यायला याच रस्त्याने थंडी-पावसात चालत पाठवलं होतं. साहेबांनी हात हलवत परत धाडलं आणि कित्येक जण वाटेतच मेले. त्या दगडावर गांधीजींचं एक वाक्य कोरलं आहे. घरापासून हजारो मैलांवर, निर्मनुष्य रस्त्यावर गांधीजी! मी फोटो काढायलाच विसरले.

मग डोंगराच्या उतारावर समांतर वळ्या दिसायला लागल्या. मला वाटलं, जमीनच तशी असेल. ते बटाट्याचे जुने वाफे. लावणारे गेले, वाफे राहिले. १८४५ पासून बटाट्यावर रोग पडला, धान्य मात्र देशाबाहेर जातच होतं. सुमारे दहा लाख माणसं मेली आणि त्याहून जास्त जहाजात बसून निघून गेली. १८४१ ला बेटावर ८० लाखांहून जास्त लोक होते. आज उत्तर-दक्षिण दोन्ही मिळून साधारण ७० लाख. म्हणजे आपण ज्याला 'शांत निसर्ग' म्हणतो, त्यातला बराचसा भाग रिकामी झालेली गावं आहेत.

दुष्काळी कामांचे रस्तेही तिथे आहेत. फुकट अन्न द्यायचं नाही, आधी काम करा. आणि कामातून कुणा खाजगी माणसाचा फायदा होता कामा नये, असाही नियम. म्हणून कुठेच न जाणारे रस्ते बांधून घेतले! मार्च १८४७ मध्ये सात लाखांवर माणसं अशा कामांवर होती. माझी आजी, आईची आई, बार्शीकडची. १९७२ च्या दुष्काळात तिने खडी फोडली आहे. तिला फोनवर हे सांगितलं तर म्हणाली, "आमचा रस्ता गावाला तरी जात होता."

आता नावांचं. हे इंजिनिअरांनी नीट वाचावं, कारण यात आपल्या जमातीचा हात आहे. १८२४ पासून इंग्रजांनी आयर्लंडचा संपूर्ण सर्व्हे केला, प्रमुख थॉमस कोल्बी. त्याने लोखंड आणि पितळ जोडून अशा मापनपट्ट्या केल्या की तापमान बदललं तरी टोकांवरच्या खुणांमधलं अंतर बदलत नाही. १८२९ मध्ये जॉर्ज एव्हरेस्टने (हो, शिखरवाला!) तिथे जाऊन ती पद्धत पाहिली आणि त्याच पट्ट्या भारतात आणून आपल्या बेसलाइन मोजल्या. काम फर्स्ट क्लास. पण त्याच नकाशांवर आयरिश नावं इंग्रजी स्पेलिंगमध्ये कायमची बसली. आयरिशमध्ये चर्च आणि रान हे दोन वेगळे शब्द, इंग्रजीत दोन्हींचं झालं 'किल'. आता किलमोर म्हणजे मोठं चर्च की मोठं रान, हे नुसत्या नावावरून कळत नाही. बरं, सर्व्हेतल्याच जॉन ओडोनोव्हनने गावोगाव फिरून मूळ नावं टिपून ठेवली, म्हणून आज ती शोधता तरी येतात.

आम्ही राहिलो त्या घरच्या आजीबाईंनी सांगितलं, त्या काळी शाळेत मुलाच्या गळ्यात काठी बांधायचे. आयरिश शब्द तोंडातून निघाला की काठीवर एक खाच, संध्याकाळी खाचा मोजून मार. मी हसले, कारण आमच्या शाळेत मराठी बोललं की एक रुपया दंड होता आणि सहावीत मॉनिटर म्हणून नावं मीच लिहायचे. आजीबाई हसल्या नाहीत.

२०२२ च्या जनगणनेत आयरिश प्रजासत्ताकात १८ लाखांवर लोकांनी आयरिश येते असं सांगितलं. शाळेबाहेर रोज बोलणारे जेमतेम ७२ हजार. जिथे बोलतात त्या गेलटाख्त भागात पाट्या फक्त आयरिशमध्ये असतात. डिंगल गावाची पाटी २००५ मध्ये 'अन डँगन' झाली तेव्हा गावकरीच चिडले, टुरिस्ट चुकतील म्हणून. २००६ ला मतदान घेतलं, दोन्ही नावं हवीत असा कौल आला आणि २०११ मध्ये कायद्यानेही मान्य केलं. आधी मी सरकारच्या बाजूने होते. आता वाटतं, गावकरी बरोबर होते. पोटही भरायचं आणि नावही राखायचं, तर दोन ओळींची पाटी परवडते.

रूममेट म्हणते, "सुट्टीला जायचं की सुतकाला?" मुद्दा अगदीच चुकीचा नाही. तिथली माणसंही काही रडत बसलेली नाहीत. डूलिनच्या पबमध्ये संध्याकाळी टेबलाभोवती बसून एकमेकांसाठी वाजवतात, आपल्याकडे बघतही नाहीत. इतकी मजा मला कुठल्याच कॉन्सर्टला आली नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की यादीतली दोन ठिकाणं कमी करा आणि एका जागी दोन दिवस राहा. गावाच्या पाटीवर वरच्या ओळीत तिरक्या अक्षरात आयरिश नाव असतं. त्याचा अर्थ कुणाला तरी विचारा. लोक आनंदाने सांगतात, अर्धा तास सोडत नाहीत!

माझी आठ वर्षांची पुतणी शाळेत आयरिश शिकते. परतीच्या वाटेवर ती प्रत्येक पाटी मोठ्याने वाचून मला अर्थ सांगत होती. दोन तळ्यांची दरी, ओकची राई, टेकडी. मग एकदम म्हणाली, "आत्या, आपल्या गावाचं नाव काय?"

"साखरपा."

"म्हणजे शुगर?"

मी हो म्हणून टाकलं. घरी आल्यावर बाबांना फोन केला. त्यांनाही माहीत नाही. म्हणाले, गणपतीत गावी जाऊ तेव्हा मोठ्या काकांना विचारू.