जुनी बंदूक, नवे युद्ध

‘जुने ते सोने’ ही म्हण आपण सहज उच्चारतो. शस्त्रांच्या बाबतीत मात्र ती पारखून घ्यावी, असे आम्हांस वाटते.

इ. स. १८९१ मध्ये रशियाने मोसिन रायफल स्वीकारली व तिच्यासाठी ७.६२ मिलिमीटरचे काडतूस सिद्ध केले. पुढे सोव्हिएत राजवट आली आणि १९९१ मध्ये लयास गेली. काडतूस मात्र टिकले. १९६३ सालच्या द्रागुनोव्ह रायफलीतही तेच चालते, आणि ही रायफल आपल्या भारतीय सैन्यानेही वापरली आहे. काडतुसांचा पुरवठा चालू असेपर्यंत बंदूक म्हातारी होत नाही, हेच खरे.

२०२२ पासूनच्या युक्रेनमधील युद्धात १९१० सालच्या बनावटीची मॅक्झिम मशीनगनही पुन्हा खंदकात दिसली. तिची नळी पाण्याने थंड राहते. त्यामुळे एका जागी राहून दीर्घकाळ मारा करण्यास ती आजही उपयोगी पडते. चढाईत मात्र तिचे ओझेच होते. त्याच युद्धात, डोनबासमध्ये सक्तीने भरती केलेल्या काही सैनिकांच्या हाती मोसिन रायफली आल्या. पेटीत अवघ्या पाच गोळ्या, प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट ओढायचा. आणि समोर स्वयंचलित बंदुका!

तेव्हा शस्त्राचे वय पाहण्याआधी त्याचे काम पाहावे, आणि ते कोणाच्या हाती द्यावयाचे आहे, हेही पाहावे. कोठारात उरले आहे म्हणून सैनिकास देणे, याला आम्ही काटकसर म्हणणार नाही. तिची किंमत त्याच्या घरच्यांना मोजावी लागते.