पुस्तक-क्रिकेट आणि न लिहिलेली शून्ये

दिवाळीच्या सुट्टीत मुखेडच्या आमच्या जुन्या घराचा माळा रिकामा करताना मला एक दोनशे पानी वही सापडली. पुठ्ठे उंदरांनी कुरतडलेले होते. आत गणित नव्हते की शुद्धलेखन नव्हते. पानापानांवर पट्टीने रेघा मारून अकरा-अकरा नावे लिहिली होती. तेंडुलकर, अझरुद्दीन, कुंबळे अशी ती नावे आणि प्रत्येकापुढे धावा. ही होती आमच्या पुस्तक-क्रिकेटची धावपुस्तिका. मी तेव्हा सातवी-आठवीत होतो. साल १९९२-९३.

तुमच्यापैकी काहींना हा खेळ माहीत नसेल. तुमच्या शिक्षकांना मात्र नक्की माहीत असेल, फक्त ते कबूल करणार नाहीत. डोळे मिटून पुस्तक उघडायचे आणि डाव्या पानाचा क्रमांक पाहायचा. त्यातला शेवटचा अंक म्हणजे तुमच्या धावा. दोन, चार, सहा आले तर तेवढ्या धावा. आठ आले तर आमच्याकडे एक धाव धरीत. शून्य आले की फलंदाज बाद. चेंडू नको, मैदान नको, वीजही नको. संध्याकाळी दिवे गेले की कंदिलाच्या उजेडात भारत आणि वेस्ट इंडीज यांची पाच सामन्यांची मालिका सुरू होई. इतिहासाच्या पुस्तकाचा एवढा उपयोग आम्ही दुसऱ्या कशासाठी केला नाही!

वही हातात घेऊन मी बराच वेळ माळ्यावरच बसून राहिलो. आमच्या वयाची माणसे अशा वेळी एक ठराविक वाक्य म्हणतात, "आमच्या वेळचे खेळ ते खेळ; आताची पोरे मोबाइलमध्ये डोके घालून बसतात." मीही ते म्हणणारच होतो. पण भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला एक खोड असते. हाती आकडे आले की तो ते मोजू लागतो. मी मोजू लागलो, आणि ते वाक्य तोंडातच राहिले. काय झाले ते सांगतो.

आधी थोडे गणित करू. पुस्तकातील डाव्या पानाचा क्रमांक नेहमी सम असतो. म्हणजे शेवटचा अंक ०, २, ४, ६ किंवा ८ यांपैकीच असणार. पुस्तक खरोखर कोठेही उघडत असेल तर या पाचांची संभाव्यता सारखी, म्हणजे प्रत्येकी एक-पंचमांश. याचा अर्थ पाच वेळा पुस्तक उघडले तर सरासरीने २ + ४ + ६ + १ = १३ धावा मिळतील आणि एक गडी बाद होईल. म्हणून पुस्तक-क्रिकेटमध्ये प्रत्येक फलंदाजाची सरासरी १३, आणि दहा गडी बाद होईपर्यंत संघाच्या धावा सुमारे १३०.

सरासरी १३ आहे हे खरे, पण सर्वांत जास्त वेळा येणारी धावसंख्या कोणती? १३ नव्हे, १२ नव्हे, ती आहे शून्य! कारण पहिल्याच चेंडूवर बाद होण्याची संभाव्यता एक-पंचमांश आहे आणि दुसरी कोणतीही धावसंख्या इतक्या वेळा येत नाही. सरासरीने दर पाच डावांत एक डाव शून्याचा असायला हवा. उलट शतक फार दुर्मिळ. हजार डावांत कसेबसे एखादे.

आता माझ्या वहीकडे या. तिच्यात २०० डाव नोंदवलेले आहेत. त्यांत शून्ये किती हवीत? सुमारे ४०. योगायोगाने पाच-सहा कमी किंवा जास्त झाली तर आश्चर्य नाही. प्रत्यक्षात होती २३. एवढा फरक नुसत्या योगायोगाने क्वचितच पडतो. शिवाय शतके होती तीन. आणि सर्वांत मोठी गंमत म्हणजे सचिन तेंडुलकरच्या नावापुढे एकही शून्य नव्हते.

खरा तेंडुलकर कसोटी सामन्यांत १४ वेळा शून्यावर बाद झाला. आमचा मात्र एकदाही नाही. कारण मला चांगले आठवते. तो पहिल्या चेंडूवर बाद झाला की आम्ही दोघेही मित्र एका सुरात म्हणत असू, "हा ट्रायल होता!" आणि पुस्तक पुन्हा उघडत असू. शिवाय माझ्या भूगोलाच्या पुस्तकाच्या पाठीला एक घडी पडली होती आणि ते हमखास ६ ने संपणाऱ्या पानावर उघडे. कागदाला आणि डिंकाला एकदा वाकवले की पूर्ववत होता येत नाही. स्थितिस्थापकतेच्या मर्यादेचा हा धडा मी अकरावीत वाचला, पण त्याचा लाभ सातवीतच घेत होतो.

तेव्हा मित्रांनो, 'आमच्या वेळचे खेळ' म्हणजे काय? माझ्या स्मरणात तीन शतके होती. ट्रायल म्हणून पुसून टाकलेली शून्ये स्मरणात नव्हती आणि वहीतही नव्हती. गेलेला काळ गोड वाटतो त्याचे एक कारण हेच असावे. आपण त्याची नोंद अपुरी ठेवलेली असते.

व्हिडिओ गेमचीही गोष्ट सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल की सर एकाच बाजूने बोलतात. सुट्टीत मी नांदेडला मामाकडे जाई. तेथे शेजारच्या घरी टीव्हीला जोडायचे एक यंत्र होते आणि त्यात घालायच्या एका कॅसेटमध्ये बरेच खेळ होते. त्यांत एक बेसबॉलचा होता. बेसबॉल आम्ही जन्मात पाहिला नव्हता. आम्ही त्याला 'अमेरिकन क्रिकेट' म्हणत असू. नियम सांगणारे कोणी नव्हते. मग आम्ही अंदाज बांधू लागलो. तीनदा बॅट फिरवून चेंडू लागला नाही की गडी बाद. चार चेंडू वाईट पडले आणि आपण बॅट हलवलीच नाही तर फुकट पहिल्या गोणीपर्यंत जायला मिळते. मागे मारलेल्या चेंडूला काहीच किंमत नाही. हा नियम कळायला आम्हाला दोन दिवस लागले, कारण क्रिकेटमध्ये मागे मारलेल्या चेंडूवरही चौकार मिळतो. एक अंदाज चुकला की दुसरा बांधायचा आणि बटण दाबून तपासायचा.

विज्ञान याहून वेगळे काय करते? निसर्ग आपल्याला नियमांची पुस्तिका देत नाही. रिचर्ड फाइनमन यांनी १९६१ ते १९६३ या काळात कॅलिफोर्नियात दिलेल्या प्रसिद्ध व्याख्यानांत भौतिकशास्त्राला हीच उपमा दिली आहे. बुद्धिबळाचे नियम माहीत नसताना केवळ चाली पाहून ते ओळखायचे, असे हे काम आहे. म्हणून व्हिडिओ गेम वाईट, असे मी म्हणणार नाही. अगदी सुरुवातीच्या व्हिडिओ गेमांपैकी एक, टेनिसचा, १९५८ मध्ये विल्यम हिगिनबॉथम या भौतिकशास्त्रज्ञाने अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेत बनवला होता. प्रयोगशाळा पाहायला येणाऱ्या लोकांना कंटाळा येऊ नये म्हणून त्याने ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर चेंडू उडवून दाखवला.

पुस्तक-क्रिकेटची भावंडेही मोठी मातब्बर आहेत. स्टानिस्लाव उलाम हा गणिती १९४६ मध्ये आजारातून उठत असताना पत्त्यांचा एकट्याने खेळायचा डाव खेळत बसे. डाव सुटण्याची संभाव्यता सूत्राने काढणे कठीण, मग शंभर डाव खेळून किती सुटतात ते मोजले तर? या विचारातून 'माँटे कार्लो' पद्धती निघाली आणि तिने प्रथम अणुविखंडनातील न्यूट्रॉनांचे गणित सोडवले. अमेरिकेतच हाल रिचमन याने १९६१ मध्ये फाशांवरचा एक बेसबॉल विकायला काढला. त्यात प्रत्येक खऱ्या खेळाडूचे एक कार्ड असे. फासे टाकून कार्ड पाहिले की त्या खेळाडूची कामगिरी साधारण खऱ्यासारखी उतरे.

हे आपल्यालाही जमेल. साध्या पुस्तक-क्रिकेटचा एक मोठा दोष असा की त्यात सुनील गावसकर आणि भागवत चंद्रशेखर यांची सरासरी सारखीच, १३. खऱ्या कसोट्यांत गावसकरची सरासरी ५१.१२, चंद्रशेखरची ४.०७! तेव्हा जाड शब्दकोश घ्या आणि पानाचे शेवटचे दोन अंक पाहा. ०० पासून ९८ पर्यंत ५० सम जोड्या मिळतील. गावसकरसाठी त्यांतल्या फक्त तीन जोड्या 'बाद' ठरवा आणि बाकीच्या ४७ मध्ये २, ४, ६ व १ या धावा शक्य तितक्या समान वाटा. बाद न होणाऱ्या प्रत्येक चेंडूला सरासरी सव्वातीन धावा मिळतात. म्हणून त्याची सरासरी येईल ४७ भागिले ३, गुणिले ३.२५, म्हणजे जवळजवळ ५१. ब्रॅडमनची सरासरी ९९.९४. त्याच्यासाठी एक जोडी बाद ठरवली तर १५९ येतात, दोन ठरवल्या तर ७८. मग काय करावे? हा प्रश्न तुमच्यासाठी ठेवतो. खऱ्या गोष्टीचे असे सोपे, मोजता येणारे आणि चुकले तर दुरुस्त करता येणारे रूप म्हणजेच प्रतिरूप.

प्रतिरूप चुकीचे असले तर काय होते, तेही आम्ही त्याच काळात पाहिले. २२ मार्च १९९२ रोजी सिडनीला विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेला १३ चेंडूंत २२ धावा हव्या होत्या. पाऊस आला. थांबला तेव्हा तेव्हाच्या नियमाने हिशेब झाला, एका चेंडूत २१ धावा! नियम माणसांनीच केला होता, म्हणून तो बदलताही आला. फ्रँक डकवर्थ आणि टोनी लुईस या संख्याशास्त्रज्ञांनी नवी पद्धत बसवली आणि १९९७ च्या आरंभी ती आंतरराष्ट्रीय सामन्यात वापरली गेली.

आता मूळ मुद्द्यावर येतो. तो खेळाचा नाही, पैशाचा आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातला एक मुलगा परीक्षेची फी भरण्याच्या शेवटच्या दिवशी माझ्याकडे आला. चांगला मुलगा, शेतकऱ्याचा. घरून आणलेले फीचे पैसे त्याने मोबाइलवरच्या पैशाच्या खेळात घालवले होते. मी विचारले, "अरे, थांबला का नाहीस?" तो म्हणाला, "सर, सलग सात वेळा हरलो होतो. आठव्यांदा तर येणारच होतं ना!" मी विचारले, "आतापर्यंत जिंकलास किती?" ते त्याने चटचट सांगितले, तारखेसकट. "आणि हरलास किती?" तो गप्प झाला. त्याची नोंद कोठेच नव्हती.

त्याला रागावण्याचा मला काय अधिकार? माझ्या वहीतही शून्ये कोठे होती? फरक एवढाच की माझी चूक कंदिलाच्या तेलाएवढी स्वस्त होती. त्याची चूक एका वर्षाच्या किमतीची ठरली असती. त्या दिवशी फी भरली गेली, पण घरी सांगताना त्याच्या वडिलांनी किती वेळ खाली मान घातली होती, ते त्याने मला नंतर सांगितले.

पुस्तकाला मागचे पान आठवत नाही. सात वेळा शून्य आले म्हणून आठव्यांदा चौकार येण्याची शक्यता वाढत नाही आणि दहा चेंडू टिकलात म्हणून अकराव्याला बाद होण्याची शक्यताही वाढत नाही. ती एक-पंचमांशच राहते. वाकलेल्या पाठीचे पुस्तक तेवढे अपवाद, पण ती वाकवलेली कोणी, हे आधी विचारावे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला. चांगले झाले. पण कायदा दार बंद करतो, 'आता येणारच' ही समजूत डोक्यातून काढत नाही. ते काम शाळेचे आहे.

म्हणून शिक्षकांना माझी विनंती अशी. संभाव्यतेचा धडा आला की एक तास पुस्तक-क्रिकेट खेळू द्या. वर्गात पुस्तके आहेतच, खर्च नाही. फक्त अट एक, प्रत्येक चेंडू फळ्यावर लिहायचा, ट्रायल नाही. १०० चेंडूंत शून्ये २० च्या आसपास, म्हणजे बहुधा १६ ते २४ यावीत. आठच आली तर पुस्तकाची पाठ तपासा, आणि खेळणाऱ्याचा अंगठाही. नुसते खेळून हे शहाणपण येत नाही. मी तीन वर्षे खेळलो आणि मला ते आले नव्हते. ते येते पूर्ण नोंद ठेवल्याने.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमच्याकडे माझी तक्रार नाही. मोबाइलवर क्रिकेट जरूर खेळा. पण कोणताही खेळ हाती आला की तीन प्रश्न विचारा. याचे नियम कोणी केले? ते मला पाहता येतात का? आणि मी माझी सर्व शून्ये लिहून ठेवतो आहे का?

माझी वही मी फेकली नाही. तिच्या शेवटच्या कोऱ्या पानावर आता माझी आठवीतली मुलगी आणि मी नवी मालिका खेळतो आहोत. काल तिने तेंडुलकरला पहिल्याच चेंडूवर बाद केले. माझ्या तोंडून सवयीने "ट्रायल!" निघाले. तिने काही न बोलता त्याच्या नावापुढे ठळक शून्य काढले.